साथीच्या दिवसांत कुटुंबाची सहल : आधी परतीची सोय, मग बुकिंग

लाट जरा ओसरली की आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरोघरी एकच क्रम दिसतो. आधी गाडी ठरते, मग लॉज ठरतो, मग कोण कोण येणार हा आकडा फुगत जातो. निघायच्या आदल्या रात्री कुणीतरी विचारतं, "आईला शुगर आहे, तिला न्यायचं का?" तोवर आगाऊ पैसे गेलेले असतात, पोरांच्या बॅगा भरून दारात ठेवलेल्या असतात आणि "नाही" म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. करोनाच्या २०२० ते २०२२ मधल्या लाटांत हे फार घरांत झालं. श्वासावाटे पसरणारी दुसरी एखादी साथ आली, तरी असंच होईल.

घरातच बसा, असं मी सांगणार नाही. माणसांना बाहेर पडावं लागतं, पडावंसं वाटतं, आणि नीट तयारी केली तर ते जमतंही. पण खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नका. पाचवी पायरी आधी आणि पहिली नंतर केली, तर पहिलीचा काहीच उपयोग उरत नाही.

१. घरातलं सगळ्यात नाजूक माणूस कोण, ते आधी ठरवा

सहल कुठं जायची हा पहिला प्रश्न नाही. येणाऱ्यांपैकी, किंवा परतल्यावर ज्यांच्यासोबत राहायचं त्यांच्यापैकी, आजार कुणाला जड जाईल, हा पहिला प्रश्न. कागद घ्या आणि नावं लिहा. साठीच्या पुढची माणसं, मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, गरोदर बाई. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, विचारणा विसरू नका. सिकलसेलच्या रुग्णाला साथीचा आजार जड जाऊ शकतोच, शिवाय प्रवासात पाणी कमी पडलं आणि दमणूक झाली तर नुसत्या त्यानंही वेदनेचा झटका येऊ शकतो.

सहलीचा वेग, ठिकाण, मुक्काम सगळं या यादीतल्या माणसाच्या मापानं ठरवायचं. त्याला घरी ठेवायचं ठरलं तरी यादी संपत नाही, कारण तुम्ही परत त्याच घरात येणार आहात. त्याच्यासाठीची सोय नवव्या पायरीत आहे, पण ती ठरवायची आत्ताच.

लस घ्यायची राहिली असेल तर तीही आत्ताच. डोस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी घेतलेल्या लसीनं प्रवासात उपयोग होत नाही, उलट अंग मोडून येतं आणि ताप लसीचा की साथीचा हेच कळत नाही.

२. कोण येणार, हे किती घरांत विभागलंय ते मोजा

माणसं किती यापेक्षा घरं किती, हे महत्त्वाचं. एका घरातले सहा जण एकाच हवेत राहतात. पण धुळ्याचा भाऊ, सुरतेहून आलेला जावई, पुण्यात शिकणारी भाची आणि चोपड्याचे काका एका गाडीत बसले, की चार गावांचा संसर्ग एका गाडीत आला. एक घर उत्तम, दोन घरं चालतील. त्यापुढे गाड्या वेगळ्या आणि खोल्या वेगळ्या.

इथं लग्नसराईबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथंच होतो. लग्न लागतं, पाहुणे जमलेले असतात, नवरा-नवरीला कुलदैवताला न्यायचं असतं. मग "आलेच आहात तर गडावर जाऊन येऊ" म्हणत हळद उतरायच्या आत क्रुझर भरून सप्तशृंगीला निघते. करोनाच्या सुरुवातीच्या प्रकारांत लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागत, ओमायक्रॉनमध्ये तीनेक दिवस, आणि कमाल मर्यादा चौदा दिवसांची धरली जाई. म्हणजे मांडवात लागण झालेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडीत अगदी ठणठणीत बसलेला असतो आणि लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो इतरांना आजार देऊ शकतो. लग्न आणि देवदर्शन यांच्यात निदान आठवडा जाऊ द्या. नवरा-नवरी आणि दोन्हीकडचे आईवडील एवढेच गेले तरी रीत मोडत नाही.

> तपासा : यादीतल्या प्रत्येकानं निघण्याआधीच्या पाच दिवसांत लग्न, दहावं-तेरावं, बाजारहाट, कोचिंग क्लास यांपैकी काय काय केलं? उत्तर मोकळेपणानं मिळत नसेल, तर माणसं जास्त झाली आहेत.

३. ठिकाण निवडा : हवा, गर्दीची वेळ, दवाखाना

मोकळी हवा हा पहिला निकष. पाल, पाटणादेवी, मनुदेवी, तोरणमाळ, लळिंगचा किल्ला ही ठिकाणं उघड्यावरची आहेत. पण उघड्यावरच्या ठिकाणीसुद्धा एखादी बंद जागा असतेच, ती हेरून ठेवा. अजिंठ्याला फर्दापूरजवळ गाडी लावून एसटीच्या बसनं लेण्यांकडे जावं लागतं. डोंगर मोकळा, पण बस भरलेली, आणि चित्रांच्या लेण्यांत हवा कोंडलेली. तिथं सकाळच्या पहिल्या बसनं जा आणि लेण्यात मास्क काढू नका. सोमवारी लेणी बंद असतात, हेही अनेकांना फर्दापूरला पोचल्यावरच कळतं. सप्तशृंगीला ट्रॉलीची रांग आणि गाभाऱ्यासमोरची जागा या दोन अडचणी. चैत्रोत्सव आणि नवरात्र टाळा, आठवड्यातला मधला वार धरा.

पाण्याच्या ठिकाणांचं वेळापत्रक वेगळं. उनपदेवला गरम पाण्याच्या कुंडाशी माणसं दाटीवाटीनं उभी असतात. सुट्टीच्या दिवशी तिथं जाण्यात अर्थ नाही.

दुसरा निकष दवाखान्याचा. तोरणमाळ सुंदर आहे, पण मध्यरात्री कुणाला धाप लागली तर घाट उतरून शहादा आणि गरज पडली तर पुढे नंदुरबार गाठावं लागतं. सातपुड्यात मोबाइलला रेंजही सगळीकडे सारखी नसते. पहिल्या पायरीतल्या यादीत जड आजाराचं नाव असेल, तर मुक्कामाला असं ठिकाण नको. दिवसा जाऊन दिवसा परत या, किंवा धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही शहरांच्या आसपासचं ठिकाण निवडा. तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

ऋतूचाही विचार करा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात मास्क घामानं तासाभरात ओला होतो, आणि ओल्या मास्कमधून श्वास घेणं जड जातं म्हणून माणसं तो हनुवटीवर ओढतात. उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी अकराच्या आत फिरणं उरका.

४. परतीची सोय आधी

बहुतेक जण ही पायरी गाळतात. बुकिंगच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा.

अर्ध्या वाटेत किंवा मुक्कामी कुणाला ताप आला तर त्याला परत कोण आणणार, आणि कोणत्या गाडीत? सगळ्यांनी त्याच गाडीत दाटीनं परतायचं, हे उत्तर नव्हे.

आजारी माणसासोबत कोण थांबणार? ज्याला जड आजार नाही आणि ज्याची लस पूर्ण आहे, असा एक जण आजच नक्की करा.

तिथं आठवडाभर अडकलो तर घरची गुरं, दुकान, केळीचं पाणी कोण बघणार? हे ठरलेलं नसलं की माणूस ताप लपवून गाडी चालवत घरी येतो. बहुतेक वेळा त्याच्या मनात वाईट काही नसतं, गोठ्यातली म्हैस असते. म्हणून शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा.

पैसे किती बाजूला ठेवायचे? जादा मुक्काम, वेगळी गाडी आणि तपासण्या एवढ्याचा अंदाज काढा. तेवढे हाताशी नसतील तर सहल एका दिवसाची करा.

> सावधान : "काही होत नाही" हे उत्तर कागदावर लिहिता येत नाही. चारपैकी एकाही प्रश्नापुढे जागा रिकामी राहिली तर बुकिंग करू नका.

५. आता बुकिंग आणि नियम

लॉजवाल्याला फोन करून तीन गोष्टी विचारा : खोलीची खिडकी उघडते का, तारीख पुढे ढकलता येते का, आणि कुणी आजारी पडलं तर वेगळी खोली मिळेल का. तारखेबद्दलचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. फक्त एसीची, काच न उघडणारी खोली कितीही चकचकीत असली तरी नको.

खान्देशाच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर दोन राज्यांत विभागलेलं आहे. त्यामुळे पलीकडे जाण्याचा नियम वेगळा आणि परत येण्याचा वेगळा असू शकतो. सुरतेला, सेंधव्याला किंवा बऱ्हाणपूरला जाणाऱ्यानं दोन्ही बाजूंचे आदेश वाचावेत. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रानं जिल्ह्यांचे पाच स्तर केले होते आणि जिल्ह्याचा स्तर दर आठवड्याच्या आढाव्यात बदलू शकत होता. सोमवारी उघडं असलेलं ठिकाण पुढच्या सोमवारी बंद, अशी ती व्यवस्था. म्हणून नियम दोनदा बघायचे : बुकिंगच्या वेळी आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी, जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकृत आदेशातच. गटावर फिरत आलेला फोटो कुठल्या तारखेचा आहे, ते पाहिल्याशिवाय धरू नका.

आरटीपीसीआर अहवाल मागितला असेल तर मुदत नमुना दिल्यापासून मोजायची की अहवाल आल्यापासून, हे आदेशात शोधा. शनिवारी निघायचं म्हणून बुधवारी सकाळी नमुना देणारे बहात्तर तासांच्या हिशेबात हमखास चुकतात. अहवालावरचं नाव आधार कार्डासारखंच आहे का, तेही बघून घ्या.

६. निघण्याआधीचे पाच दिवस आणि पिशवी

या पाच दिवसांत गर्दीचे कार्यक्रम टाळा आणि घशात खवखव, ताप, अंगदुखी यांकडे लक्ष ठेवा. घरच्या घरी करायची अँटीजेन तपासणी एकदा दोन दिवस आधी आणि एकदा निघायच्या सकाळी करा. लक्षणं नसलेल्या माणसात ही तपासणी लागण असूनही "नाही" दाखवू शकते, म्हणून दोनदा. आणि लक्षणं असतील तर तपासणी काहीही सांगो, त्या माणसानं जायचं नाही.

पिशवीत काय लागतं ते थोडक्यात. नेहमीच्या गोळ्या ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. इन्सुलिन असेल तर थंड राहील अशा डब्यात, पण बर्फाला चिकटून नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस, साबण, निदान साठ टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर. ते उन्हात बंद गाडीत टाकून ठेवू नका आणि चुलीजवळ किंवा काडी ओढताना हाताला लावू नका. मास्क माणशी दिवसाला दोन, एन-९५ असतील तर बरं, पण झडपेचे नकोत. झडपेतून सोडलेला श्वास न गाळता बाहेर जातो आणि शेजाऱ्याचं रक्षण होत नाही.

मास्क नीट बसलाय का, हे आरशासमोर घरीच बघा. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या उताराप्रमाणे दाबा, मग जोरानं श्वास सोडा. डोळ्यांना वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली तर वरून गळती आहे. पट्टी पुन्हा दाबा. लहान पोरांना मोठ्यांचा मास्क गाठी मारून घालणं कामाचं नाही, त्यांच्या मापाचाच घ्या. पाच वर्षांखालच्यांना मास्कची सक्ती करू नका.

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, न्यायचा तर वापरायला शिकून न्या. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, हात ऊबदार हवा, आणि बोट घातल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत साधारण मिनिटभर थांबायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींच्या बोटांवर गडद मेंदी किंवा नेलपॉलिश असतं, त्यानं आकडा चुकू शकतो. कोऱ्या बोटावर बघा.

७. गाडी

एखादा कोपऱ्यात बिडी ओढत असेल तर धूर जिथवर जातो, तिथवर त्याचा श्वासही जातो. बंद गाडीत तर तो सगळ्यांपर्यंत जातो. सीट पुसत बसण्यापेक्षा काच खाली करा.

एकाच घरची माणसं असतील तर अडचण नाही. दोन घरची असतील तर एका बाजूची पुढची आणि दुसऱ्या बाजूची मागची काच चार बोटं उघडी ठेवा. समोरासमोरून वारा आरपार जातो. एसी लावायचाच तर आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत घेणारं चालू करा. ऊन फार असेल तर थोड्या थोड्या वेळानं सगळ्या काचा दोन मिनिटं खाली करा.

क्रुझरमध्ये मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून माणसं बसतात. साथीच्या दिवसांत त्या बाकांवर निम्मीच माणसं बसवा. दोन फेऱ्या किंवा दोन गाड्या परवडत नसतील, तर माणसं कमी करा.

आणि ड्रायव्हर. लोक त्याला माणसांत मोजतच नाहीत. तो तुमच्याच हवेत आठ तास असतो, कालच्या भाड्यात दुसऱ्यांच्या हवेत होता, आणि रात्री त्याला गाडीतच झोपायला सांगितलं जातं. ठरवतानाच त्याची प्रकृती विचारा, त्याला तुमच्याइतकेच चांगले मास्क द्या, त्याच्या झोपण्याची वेगळी जागा आणि जेवण ठरवा. "ताप आला तर दिवसाचे पैसे कापणार नाही" हे आधी सांगा, नाहीतर ताप आला तरी तो बोलणार नाही.

रेल्वेनं जाणार असाल तर दिवसाचा, कमी तासांचा प्रवास आणि खिडकीची जागा बघा. पांघरूण घरून न्या. मार्च २०२० मध्ये एसी डब्यांतली चादर-उशी बंद झाली होती आणि थेट मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा देण्याचा आदेश निघाला. साथ आली की अशा सोयी आधी जातात.

> तपासा : गाडी सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला थेट विचारा, "आज घसा, ताप, खोकला?" लहान मुलांना वेगळं विचारा, ती खरं सांगतात.

८. वाटेतलं जेवण आणि नातेवाइकांचं घर

आपल्याकडची माणसं रस्त्यात आजारी पडत नाहीत, ओट्यावर पडतात. पारोळ्याला मावशी, अमळनेरला आत्याबाई, आणि दोघींचं म्हणणं एकच : "जेवीसनच जा." मग बंद स्वयंपाकघरात शेवभाजीचा रस्सा उकळत असतो, दहा जण मांडीला मांडी लावून बसलेले, सगळ्यांचे मास्क उतरलेले, आणि पंगतीत ऐंशी वर्षांची आजी. जेवताना मास्क नसतो, बोलणं मोठ्यानं असतं, बसणं लांबतं. लागण व्हायला याहून सोयीची जागा नाही.

मावशीला निघायच्या आधीच फोन करा, दारात उभं राहून नाही म्हणणं फार कठीण जातं. सांगा, "मावशी, येतो, पण अंगणात बसू, पाणी घेऊ, आणि दहा मिनिटांत निघू. आजींना खाटेवर आतच असू द्या, मी खिडकीतून पाया पडतो." जेवू घालायचा आग्रह असेल तर डबा बांधून घ्या. डबा घेतल्यानं पाहुणचाराचा मान राहतो. आंब्याच्या झाडाखाली तो उघडून खाण्यात काही कमी नाही.

स्वतःची शिदोरी न्या. दशम्या, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, ठेचा, केळी. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या तरी कडक उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका. हॉटेलात थांबायचं तर ढाब्याच्या बाहेरच्या खाटा निवडा आणि दुपारची गर्दीची वेळ चुकवा.

मुक्कामी खोलीत शिरलात की आधी बॅगा बाहेर ठेवा आणि खिडकी-दार उघडा. मग उदबत्ती लावून खोलीच्या मधोमध धरा आणि धुराकडे बघा. धूर खिडकीकडे किंवा दाराकडे ओढला गेला तर हवा खेळती आहे. जागच्या जागी लोंबकळत राहिला, तर टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून लावा म्हणजे आतली हवा बाहेर जाईल, किंवा खोली बदलून मागा.

९. कुणाला ताप आला तर, आणि परतल्यावर

ताप आला की पहिलं काम त्याला वेगळ्या, खिडकीच्या खोलीत नेणं. दुसरं, आजारी माणूस आणि त्याच्यासोबतचा, दोघांनीही मास्क. तिसरं, तपासणी. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरियाही असतात, म्हणून अँटीजेन "नाही" आली की सुटलो असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा. अहवाल "नाही" आला असेल तर दोन दिवसांनी पुन्हा तपासा.

पाणी, ओआरएस, पॅरासिटामॉल. मेडिकलवरून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड घेऊ नका. २०२१ च्या लाटेत काळ्या बुरशीचे जे रुग्ण आले, त्यांत मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही जोडी वारंवार दिसली.

> सावधान : ऑक्सिजन ९४ च्या खाली, बोलताना धाप, छातीत दाब, ओठ निळसर, माणूस गुंगीत, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. ठिकाणाचं नाव, फाट्याचं नाव आणि जवळच्या गावाचं नाव आधीच कागदावर लिहून ठेवा, घाबरलेल्या माणसाला ते सांगता येत नाही.

आजारी माणूस आणि त्याच्यासोबतचा, चौथ्या पायरीत ठरलेला एक जण मागे थांबेल. बाकीचे काचा उघड्या ठेवून, मास्क लावून, कुठंही न थांबता घरी येतील.

कुणीच आजारी पडलं नाही तरी परतल्यावरचे पाच दिवस सहलीतच मोजा. नाजूक माणसासोबत जेवायचं नाही, त्याच्या खोलीत मास्क लावून जायचं, झोपायचं वेगळं. देवदर्शनाहून आल्या संध्याकाळी घरोघरी फिरून प्रसाद वाटायची आपली सवय आहे. या दिवसांत पुडी दाराच्या कडीला अडकवा आणि फोन करून सांगा. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी तपासणी करा.

आणि तपासणीत दोन रेघा आल्या, म्हणजे लागण निघाली, तर लपवू नका. फोन याच क्रमानं करा : आधी ड्रायव्हर, कारण तो आजच दुसरं भाडं घेऊन निघणार असतो. मग ज्यांच्या अंगणात बसलात ती मावशी आणि आत्याबाई. मग लॉजवाला. सगळ्यांना तारीख आणि वेळ सांगा, म्हणजे त्यांनाही आपले दिवस मोजता येतील.